माझदा एमएक्स-५ चं इंजिन घरी बांधताना: कॉम्प्रेशनच्या पहिल्या आकड्यापासून रनिंग-इनपर्यंत

इंजिन खोलायचं की नाही, हे धुराच्या रंगावरून किंवा कानाला येणाऱ्या आवाजावरून ठरवू नका. आधी मोजा. माझा सगळा भर या एकाच गोष्टीवर आहे, कारण घरी बांधलेली इंजिनं बिघडतात ती बहुतेक वेळा न मोजता गृहीत धरलेल्या गोष्टींमुळे. पाना चालवणं कुणालाही जमतं. ०.०३ मिलिमीटरची फट आहे की ०.०८ ची, हे बघायचा धीर धरावा लागतो.

हा लेख पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ बद्दल आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवलेली ही दोन सीटांची छोटी गाडी अमेरिकेत मियाटा म्हणून ओळखली जाते आणि जपानमध्ये युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. तिचं १.६ लिटरचं इंजिन म्हणजे १५९७ सीसी, ७८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ८३.६ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, सोळा वॉल्व आणि टायमिंग बेल्टवर चालणारे दोन कॅमशाफ्ट. घरी पहिल्यांदा इंजिन बांधायचं असेल तर स्पोर्ट्स कारमध्ये याहून सोयीचं इंजिन मला तरी माहीत नाही. रचना सरळ आहे, माहिती भरपूर आहे आणि सुटे भाग आजही मिळतात. माझदाने जपानमध्ये या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची अधिकृत सेवा २०१७ मध्ये सुरू केली, तेव्हा बंद झालेले काही भागही पुन्हा बनवायला घेतले.

भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही. त्यामुळे प्रत्यक्ष काम करणारे वाचक अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात असणार. मी न्यू जर्सीत राहतो. पण मोजमापाची आणि जुळणीची पद्धत याच धाटणीच्या कुठल्याही चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला चालेल, आकडे मात्र त्या त्या इंजिनाचे घ्यायचे.

आधी तपासणी

इंजिन नीट गरम करा. चारही प्लग काढा, कॉइलचा आणि पेट्रोल पंपाचा पुरवठा तोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) लावून प्रत्येक सिलिंडर स्टार्टरवर फिरवा. १.६ साठी नव्या इंजिनाचा आकडा साधारण १९२ पीएसआय आहे, १३५ ही खालची मर्यादा, आणि कुठल्याही दोन सिलिंडरमधला फरक २८ च्या वर नको. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. तसाच राहिला तर दोष वॉल्वमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर गॅस्केटवर पहिला संशय घ्या.

कॉम्प्रेसर असेल तर लीक-डाऊन चाचणी त्याहून बोलकी आहे. पिस्टन अगदी वर असताना प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि फुसफुस कुठून येते ते ऐकायचं. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा हेडला तडा.

दोन तक्रारींसाठी अख्खं इंजिन खोलू नका. सकाळी गाडी सुरू करताना निळ्या धुराचा एक झोत येतो आणि मग थांबतो, ही बहुतेक वेळा वॉल्व सीलची गोष्ट असते. हेडमधून येणारी टिकटिक हायड्रॉलिक टॅपेटची असते, ती या इंजिनाची जुनी खोड आहे आणि पुष्कळदा नव्या ऑइलने जाते. याउलट, गरम इंजिनावर ऑइलचा दाब खाली जातोय आणि लोड पडला की खालून ठकठक येते, तर गाडी चालवणं त्याच दिवशी थांबवा, बेअरिंग गेली आहेत. १९९४ पर्यंतच्या गाड्यांमध्ये डॅशवरचा ऑइल प्रेशरचा काटा खरा दाब दाखवतो. १९९५ पासून तो दाब ठरावीक पातळीवर गेला की मध्यावर जाऊन बसतो, त्याच्यावर विसंबू नका.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. वापरलेलं चांगलं इंजिन आणून बसवणं बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतं. नुसती ताकद वाढवायची असेल तर १९९४ पासून आलेलं १.८ चं इंजिन टाकणं हा सोपा मार्ग आहे. घरी बांधायचं ते आतल्या प्रत्येक भागाची अवस्था आपल्याला माहीत असावी म्हणून.

हत्यारं

इंजिन उचलायची क्रेन आणि इंजिन स्टँड भाड्याने किंवा मित्राकडून मिळतात. मोजायची हत्यारं मात्र स्वतःची घ्या, आणि चांगली घ्या: २५ ते ५० आणि ७५ ते १०० मिलिमीटरचे दोन मायक्रोमीटर, बोअर गेज, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), सरळ कडेची पोलादी पट्टी आणि प्लॅस्टीगेजचं पाकीट (बेअरिंगमधली फट मोजायचा, दाबल्यावर चपटा होणारा मऊ धागा). टॉर्क रेंच दोन लागतील. कॅमच्या कॅपचे बोल्ट ११ ते १४ न्यूटन मीटरवर आवळायचे असतात आणि मोठा रेंच एवढ्या खाली भरवशाचा नसतो. शिवाय वॉल्व स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प आणि रिंग कॉम्प्रेसर. कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि तुमच्या वर्षाच्या गाडीचं आहे याची खात्री करा.

उतरवणं

पेट्रोलच्या लाइनमधला दाब आधी सोडा: डॅशखालच्या पंपाच्या रिलेचा कनेक्टर काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल. मग बॅटरी काढा. ती या गाडीत डिकीत असते. बॉनेट बिजागरीजवळ खुणा करून उतरवा. ऑइल आणि कूलंट काढून टाका, रेडिएटर काढा. एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप पाइपांसकट सोडवून बाजूला बांधून ठेवा, त्यातला गॅस किंवा तेल सोडायची गरज नाही.

मी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर काढावं या मताचा आहे. दोन्ही गाडीत असताना बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाचे) वरचे बोल्ट सोडवण्यात जीव जातो. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची लांब तुळई, पॉवर प्लांट फ्रेम, सोडण्यापूर्वी गिअरबॉक्सची उंची मोजून लिहून ठेवा. बसवताना ती तेवढीच यावी लागते, नाहीतर गाडी थरथरते. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने खालचे बोल्ट गंजून बसलेले असतात. त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आटे निघाले की एका तासाच्या कामाला दिवस लागतो.

प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून क्रमांक टाका आणि दोन्ही टोकांवर तोच लिहा. बोल्ट एका डब्यात टाकू नका, ज्या भागाचे त्या भागाच्या पिशवीत. गाडी जॅकवर कधीच ठेवू नका, जॅक स्टँडवरच, आणि तेही काँक्रीटच्या फरशीवर.

खोलणं

स्टँडवर चढवल्यावर क्रम असा: मॅनिफोल्ड, पुढची कव्हरं, बेल्ट, कॅमशाफ्ट, हेड, ऑइल चेंबर, ऑइल पंप, पिस्टन, शेवटी क्रँक. कॅमच्या कॅप एकदम सोडू नका. स्प्रिंगांचा जोर असतो, म्हणून सगळे बोल्ट थोडे थोडे, फिरत फिरत सैल करा. टॅपेट ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने खणांच्या ट्रेमध्ये उभे ठेवा. हेडचे दहा बोल्ट बाहेरून आत असे टप्प्याटप्प्याने सोडा.

पिस्टन काढायच्या आधी बोअरच्या वरच्या काठाला नखाला लागेल अशी कड आहे का बघा. असेल तर ती रीमरने काढा, नाहीतर रिंगा तिथे अडकतील. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा म्हणजे बाहेर येताना क्रँकला ओरखडा जाणार नाही. रॉड आणि त्याची कॅप ही जोडी कधी फोडायची नाही. मेन बेअरिंगच्या कॅपवर क्रमांक आणि पुढची बाजू दाखवणारा बाण असतो, तरी स्वतःचा फोटो काढून ठेवा.

जुनी बेअरिंग फेकण्याआधी उजेडात धरून बघा. एकसारखा करडा रंग म्हणजे निरोगी झीज. तांबूस थर उघडा पडला असेल तर पुष्कळ चाललंय. बारीक रेघा म्हणजे ऑइलमधून कचरा फिरलाय, आणि मग पंप आणि ऑइलच्या वाटा दुप्पट काळजीने साफ करायच्या. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलाय का ते तपासून घ्या.

१९९१ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. पुलीवर चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. आखूड टोकावर चावीची खाच सैल होऊन पुली डुगडुगते, टायमिंग भरकटतं आणि शेवटी क्रँकच जातो. ही खाच भिंगाने बघा. कडा चेपलेल्या असतील तर तो क्रँक वापरू नका, त्याच्यावर नवीन बेअरिंगांचा खर्च घालण्यात अर्थ नाही.

मोजणं

बोअर सहा ठिकाणी मोजायचा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक उंचीवर क्रँकच्या दिशेने एकदा, आडवा एकदा. नवा बोअर ७८.००० ते ७८.०१९ मिलिमीटर असतो. वर मोठा आणि खाली लहान येणं स्वाभाविक आहे, किती मोठा ते महत्त्वाचं. पिस्टनही मोजा आणि दोघांतली फट काढा. नव्यात ती सुमारे ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर असते. फट मर्यादेत असेल तर नवीन रिंगा आणि हलकं होनिंग (दगडाने घासून बोअरमध्ये बारीक रेघा उमटवणं) पुरतं. नसेल तर बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० चे ओव्हरसाइज पिस्टन. इथे आधी पिस्टन मागवा, ते हातात आल्यावरच ब्लॉक मशीन शॉपला द्या, म्हणजे प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनला मापून कापता येतो.

क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) साधारण ४९.९५ आणि रॉडचे ४४.९५ मिलिमीटर आहेत. नख फिरवा. नख अडकेल अशी रेघ असेल तर ग्राइंडिंग आणि अंडरसाइज बेअरिंग, नसेल तर पॉलिश पुरे. हेडवर पोलादी पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवून खाली फीलर सरकवा. ०.१५ मिलिमीटरच्या वर वाक असेल तर हेड घासून घ्यावं लागेल.

ब्लॉक धुणं, बोअर, क्रँक, वॉल्व सीट, हेडला तडा आहे का याची तपासणी, ही कामं मशीन शॉपची. बिलाचा सगळ्यात मोठा आकडाही तोच असतो. (कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलेल्यांना ही कामं गल्लीत होताना पाहायची सवय असते. इथे चांगला मशीनिस्ट शोधायला वेळ ठेवा, आणि तुमचे मोजलेले आकडे कागदावर लिहून न्या.) काम होऊन आलं की परत मोजा. शॉपवरच्या अविश्वासाचा प्रश्न नाही, दुसऱ्या नजरेचा आहे.

धुणं

याला वेगळं शीर्षक दिलंय ते मुद्दाम. होनिंगनंतर बोअरच्या बारीक रेघांमध्ये दगडाची भुकटी बसलेली असते आणि ती पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ताठ ब्रश घ्या आणि घासा. पुसून कोरडं केल्यावर पांढऱ्या सुती कापडाला ऑइल लावून बोअरमधून फिरवा. कापडावर करडी छटा आली की पुन्हा साबण. कापड पांढरंच बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवायचं, आणि लगेच ऑइलचा हात फिरवायचा, नाहीतर लोखंडावर बघता बघता तांबूस गंज धरतो. ऑइलच्या सगळ्या वाटांतून लांब ब्रश आणि मग हवा. हेड बोल्टच्या भोकांतलं पाणी आणि तेल हवेने उडवा. बंद भोकात द्रव राहिला आणि वरून बोल्ट आवळला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

खालचा भाग बांधणं

बेअरिंगचे वरचे अर्धे भाग ब्लॉकमध्ये कोरडे बसवा. मागची बाजू आणि बैठक दोन्ही स्वच्छ, तेलाचा थेंबही नको. तेलाची भोकं जुळलीत बघा. क्रँक ठेवा, प्रत्येक जर्नलवर प्लॅस्टीगेजचा तुकडा क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप बसवून ५४ ते ५९ न्यूटन मीटरवर आवळा. आता क्रँक अजिबात हलवू नका. कॅप काढा, चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी लावून बघा. मेनची फट ०.०१८ ते ०.०३६ मिलिमीटरच्या दरम्यान हवी. धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद असेल तर जर्नल निमुळता आहे किंवा खाली कचरा अडकलाय. धागा पुसून, असेंब्ली ल्युब भरपूर लावून आता खरी जुळणी. एकेक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघायचा. तिसरी कॅप आवळल्यावर जड झाला, तर दोष तिसऱ्या कॅपखाली आहे हे तिथल्या तिथे कळतं. पाचही आवळून मग फिरवलात तर शोधत बसाल.

रिंगा पाकिटातून काढून थेट पिस्टनवर चढवू नका. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये घालून, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि टोकांमधली फट फीलरने मोजा. वरच्या रिंगेला ०.१५ ते ०.३० मिलिमीटर. कमी असेल तर बारीक कानसेने टोक घासा, कारण गरम झाल्यावर टोकं भिडली की रिंग तुटते. रिंगेवर खूण असेल ती बाजू वर. टोकं एका रेषेत येऊ देऊ नका.

पिस्टनची पुढची बाजू पुढे ठेवून, रिंग कॉम्प्रेसर घट्ट करून, हातोड्याच्या लाकडी दांड्याने हलके टोले द्या. मध्येच अडकला तर जोर लावायचा नाही. रिंग बाहेर आली आहे, काढून पुन्हा घाला. रॉडच्या बेअरिंगचंही प्लॅस्टीगेज करा, आणि रॉडच्या नटांचा टॉर्क तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

ऑइल पंप खोलून मागच्या झाकणाचे स्क्रू तपासा. ते सैल झालेले सापडतात. लॉकटाइट लावून आवळा, पंपात ऑइल भरा, पुढचं आणि मागचं क्रँक सील नवं टाका. हेडच्या मागे कूलंटच्या वाटेवर रबराचा प्लग आहे, तोही आत्ताच बदला. गाडीत इंजिन असताना तिथे हात पोहोचत नाही.

हेड आणि टायमिंग

वॉल्व लॅप केल्यावर, म्हणजे पेस्ट लावून सीटवर घासल्यावर, सीटवर सलग, करडा, एकसारख्या रुंदीचा पट्टा दिसला पाहिजे. नवीन सील, स्प्रिंग घालून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि पंधरा मिनिटं थांबा. चेंबरकडून पाझरलं तर तो वॉल्व पुन्हा. हेडचे बोल्ट ऑइलचा हात देऊन मधून बाहेर, तीन टप्प्यांत ७६ ते ८१ न्यूटन मीटरवर.

टायमिंगसाठी क्रँकच्या पुलीवरची खूण पंपावरच्या खुणेशी, आणि कॅमच्या पुल्यांवरची 'आय' आणि 'ई' अक्षरं मागच्या प्लेटवरच्या खुणांशी जुळवा. दोन्ही खुणांच्या मध्ये बेल्टचे १९ दात मोजून घ्या. टेन्शनर सोडण्यापूर्वी क्रँक घड्याळाच्या दिशेने एक पूर्णांक पाच षष्ठांश फेरे फिरवा, बोल्ट सैल करून स्प्रिंगला ताण घेऊ द्या, आवळा, मग दोन पूर्णांक एक षष्ठांश फेरे फिरवून खुणा परत बघा. दोन कॅमच्या मध्ये १० किलोच्या दाबाने बेल्ट ९ ते ११.५ मिलिमीटर दबायला हवा. १.६ मध्ये टायमिंग चुकलं तरी वॉल्व पिस्टनवर आदळत नाहीत, पण दाताचा फरक गाडी ओढताना लगेच जाणवतो. पुलीचा बोल्ट आखूड टोकाच्या क्रँकला १०८ ते ११८ आणि लांबला १५७ ते १६७ न्यूटन मीटर. यात गल्लत नको.

पहिल्यांदा सुरू करताना

क्लच आणि पायलट बेअरिंग नवीन घालून इंजिन बसवा. साधं मिनरल ऑइल भरा, साधारण साडेतीन लिटर. प्लग न लावता, कॉइल आणि पेट्रोल पंप बंद ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, मध्ये विसावा देत. ऑइलचा काटा हलला की मगच प्लग लावा. इंजिन सुरू झाल्यावर पहिला मिनिटभर नजर फक्त दाबावर, मग खाली गळती. डायग्नोस्टिक डब्यात 'टेन' आणि 'ग्राउंड' तारेने जोडून, ८५० आरपीएमवर, स्ट्रोबने (टायमिंग बघायच्या लुकलुकत्या दिव्याने) टायमिंग १० अंश लावा. कूलंटमधली हवा निघावी म्हणून गाडीचं नाक उंच ठेवा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवा.

नवीन रिंगा आयडलवर बसत नाहीत, त्यांना दाब लागतो. इंजिन गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ४५०० आरपीएमपर्यंत जोरात ओढा, मग पाय काढून गिअरमध्येच वेग उतरू द्या. हे पुन्हा पुन्हा करा, रनिंग-इन म्हणतात ते हेच. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून घडी उलगडा आणि चुंबक फिरवा. बारीक करडी पूड चालते, चमकणारे कण आले तर थांबा. पुढचं ऑइल ८०० किलोमीटरला, आणि त्यानंतर नेहमीचं.

या काळात हेडच्या मागच्या टोकाला बसवलेल्या कॅम सेन्सरच्या ओ-रिंगवर लक्ष ठेवा. ती कडक झाली की बेल हाउसिंगवर ऑइल ओघळतं आणि मागचं क्रँक सील गळतंय असं वाटतं. सील गळतंय म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी तिथे बोट फिरवून बघा. सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या जागेची खूण करा, तो फिरला की टायमिंग बदलतं.